ब्वाना, तुकामोना आणि गुरुवारचं ऑपरेशन

लग्नाला नऊ दिवस झाले आणि ओबेद कालुम्बाच्या सोफ्याला वास यायला लागला.

आधी त्याला वाटलं, आपल्या मोज्यांचा असेल. चौतीस वर्षं तांब्याच्या खाणीत शिफ्टबॉस म्हणून काढलेल्या माणसाचे मोजे काहीही करू शकतात, हे त्याला मान्य होतं. त्याने मोजे गुपचूप धुऊन वाळत घातले. वास हलला नाही. तेव्हा गुडघे करकरवत तो सोफ्याखाली वाकला. उजव्या पायाचं लाकूड काळपट झालेलं, आणि फरशीवर एक बारीक पिवळी रेघ वाळून गेलेली.

"बाना-मुकूका," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "तुमचा कुत्रा माझ्या सोफ्यावर मुतलाय."

"माझा कुत्रा बाहेर आंब्याखाली झोपलाय, बाशी-कोंबे," आतून उत्तर आलं. "सोफ्यावर लोळतो तो तुमचा."

मुकूका म्हणजे तिचा मुलगा, आणि कोंबे म्हणजे याची मुलगी. दोघांची मुलं मोठी होऊन आपापल्या गावी संसाराला लागलेली. पण आमच्याकडे मूल झालं की माणूस मुलाच्याच नावाने ओळखला जातो. त्यामुळे कालुम्बा हा जन्मभर बाशी-कोंबे, कोंबेचा बाप; आणि त्याने बासष्टाव्या वर्षी जिच्याशी दुसरं लग्न केलं ती कासोंदे बाई म्हणजे बाना-मुकूका, मुकूकाची आई. 'बाना-कोंबे' म्हणवून घेणारी बाई तीन वर्षांपूर्वी वारली होती.

कासोंदे एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सुईण होती. अर्धं किट्वे शहर तिच्या हातावर जन्माला आलं होतं, आणि ती या शहराशी त्याच हक्काने बोलायची. लग्नात ती दोन ट्रंका, एक शिवणयंत्र, सात कोंबड्या आणि एक कुत्रा घेऊन आली. ट्रंका, यंत्र आणि कोंबड्या घरात सहज मावल्या.

कुत्र्याचं नाव तुकामोना. म्हणजे 'बघून घेऊ'. कान फाटलेलं, खरूज भरलेलं ते पिल्लू दवाखान्याच्या फाटकाशी सापडलं तेव्हा बरोबरच्या नर्सा म्हणाल्या होत्या, हे काही जगत नाही. कासोंदेने त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं नाव ठेवलं. आता तो तीन वर्षांचा, काळा, आखूड पायांचा, आणि आपल्या नावाला जागणारा झाला होता. कालुम्बाच्या कुत्र्याचं नाव ब्वाना, म्हणजे साहेब. पिंगट रंग, बादलीएवढं डोकं, चालणं असं की जणू पगाराचा दिवस आहे आणि सगळे आपलीच वाट बघतायत.

साहेबाला वाटायचं, घर आपलं. तुकामोनाला वाटायचं, बघून घेऊ.

आणि दोघांनी बघून घ्यायला सुरुवात केली. भांडण कधी झालं नाही. गुरगुरणं नाही, चावणं नाही. नुसतं लिखाण. सोफ्याचा पाय झाला, दरवाज्याची चौकट झाली, शिवणयंत्राचं पेडल झालं, मक्याच्या पिठाची गोणी झाली. कासोंदे दवाखान्यातल्या सवयीने उग्र वासाचं जंतुनाशक ओतायची, गुडघ्यावर बसून फरशी घासायची, आणि संध्याकाळी त्याच जागी ताजा मजकूर उमटलेला असायचा.

"तुमच्या ब्वानाची उंची आहे ही," ती चौकटीवरचा डाग बोटाने दाखवायची. "माझं लेकरू एवढ्या वर पोचेल का?"

"तुमचं लेकरू पुढच्या दोन पायांवर उभं राहतं, बाई. सर्कशीतल्यासारखं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"कधी?"

"पाहिलंय," कालुम्बा म्हणायचा. त्याने पाहिलं नव्हतं.

पण लवकरच पाहायला मिळालं. सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी चर्चची मंडळी त्यांच्याकडे प्रार्थनेला आली. नव्या जोडप्याच्या घराला आशीर्वाद द्यायचा होता. एल्डर सिमफुक्वे सर्वांत पुढे, हातात तपकिरी चामड्याची पिशवी. त्या पिशवीत बायबल, गाण्यांचं पुस्तक आणि चष्म्याची डबी असायची, आणि ती ते मूल निजवावं तसं खाली ठेवायचे. त्यांनी ती खुर्चीशेजारी निजवली, डोळे मिटले, आणि प्रार्थनेला सुरुवात केली.

एल्डरांची प्रार्थना म्हणजे लांब पल्ल्याची बस. वाटेतलं एकही गाव सुटत नसे. राष्ट्राध्यक्षांसाठी झाली, खाणींसाठी झाली, पावसासाठी झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. कालुम्बाचेही होते, पण त्याला स्वयंपाकघराच्या दारातून नखांचा टकटक आवाज आला, म्हणून त्याने एक डोळा किलकिला केला.

ब्वाना आत आला. पाहुण्यांच्या पायांमधून सावकाश वास घेत फिरला. पिशवीशी थांबला. विचार केला. आणि पाय वर केला.

कालुम्बा खुर्चीच्या कडेला सरकला. देवाशी बोलणं चालू असताना 'हाड्' कसं म्हणायचं? त्याने पाय लांब करून ढकलायला बघितलं, पण मधे एका बाईची टोपली होती. ब्वाना आपलं काम आटोपून बाजूला झाला. आणि तेवढ्यात सोफ्यामागून तुकामोना निघाला, पिशवी हुंगली, पाठ फिरवली, पुढच्या दोन पायांवर सगळा भार टाकला, मागचे दोन्ही पाय भिंतीला टेकत वर चढवले, आणि साहेबांच्या सहीवर बरोबर दोन बोटं वर आपला शिक्का मारला.

"...आणि या घरात, प्रभो," एल्डर म्हणत होते, "तुझी कृपा ओसंडून वाहू दे."

"आमेन," कालुम्बा जरा लवकरच आणि जरा मोठ्यानेच म्हणाला.

त्या दिवशी एल्डर सिमफुक्वे बायबल प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी गेले.  फाटकाबाहेर पडताना त्यांनी ब्वानाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ते एरवी फक्त बीअरच्या दुकानांकडे बघत.

पाहुणे गेल्यावर कासोंदे पिशवी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून बसली. कालुम्बा समोर उभा.

"दोघंही," तो म्हणाला. "आधी माझा, मग तुमचा. मी एका डोळ्याने बघितलं."

"मग आता भांडायचं कारण संपलं," ती म्हणाली. "दोघांचंही करून टाकू."

"काय करून टाकू?"

तिने दोन बोटांची कात्री केली आणि हवेत एकदा चालवली. कालुम्बा नकळत खुर्चीत बसला आणि त्याने पायावर पाय टाकला.

"अहो, तुमचं नाही म्हणत मी."

"कळलं मला."

"मग तोंड असं का झालंय?"

"कसं झालंय?"

"पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखं. एकतीस वर्षं बघितलीयत ही तोंडं. बायका आत कळा सोसतायत, आणि हे बाहेर भिंतीला धरून उभे."

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या सिल्वेस्टरकडे गेला. सिल्वेस्टर खाणीतला जुना सोबती. दुपारी दोघं अॅव्होकॅडोच्या झाडाखाली बाटल्यांच्या बुचांनी सोंगट्या खेळत. सिल्वेस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि कालुम्बाची तीन बुचं एका उडीत खाल्ली.

"आज कुत्रा," तो म्हणाला. "उद्या तुझी बीअर. परवा तुला चर्चच्या गाण्याला उभं करतील. बाई सुरुवात कुठून करते ते बघ."

"घरात वास येतो रे."

"येऊ दे. नर आहे तो. वास मारणारच. तू नाही का तरुणपणी कोपऱ्याकोपऱ्यावर उभा राहायचास?"

"मी मुतत नव्हतो."

"शिट्ट्या मारायचास. तेच ते."

हे बोलणं कालुम्बाच्या डोक्यात राहिलं. पण घरी कासोंदेने तोवर प्राण्यांच्या डॉक्टरणीला फोनही केला होता.

डॉक्टर जेरे ही तिशीतली मुलगी. आडनावावरूनच न्गोनी. कालुम्बा बेम्बा जमातीचा. आता बेम्बा आणि न्गोनी म्हणजे जुने लढवय्ये, आणि लढाया संपल्यावर उरलं ते थट्टेचं नातं. एकमेकांच्या प्रेतयात्रेतसुद्धा टोमणे मारायचा हक्क. राग धरायचा नाही, आणि एकमेकांना 'म्बुया' म्हणायचं. त्यामुळे कालुम्बा दवाखान्यात शिरला तोच म्हणाला, "आम्ही दोन कुत्रे आणलेत, पोरी. उंदीर नाहीत. तुझी निराशा झाली असेल."

"उंदीर असते तर दुपारच्या जेवणाचं बघितलं असतं, म्बुया," ती हातमोजे चढवत म्हणाली. "आणि बरं झालं, कुत्रेच आणलेत. बेम्बा माणूस माकड घेऊन आला की आम्हाला कळत नाही, उपचाराला आणलंय की मसाला विचारायला."

कासोंदे खळखळून हसली. मग डॉक्टरणीने दोघा कुत्र्यांना तपासलं, लघवी तपासली, आजार काही नाही म्हणाली, आणि टेबलावर बसून समजावून सांगितलं.

"हे मुतणं म्हणजे मूत्राशय रिकामं करणं नाही. पाटी लावणं आहे. इथे मी राहतो. दुसरा येऊन त्यावर आपली पाटी लावतो, पहिला परत येतो. नवं घर, नवं माणूस, नवा कुत्रा, आणि त्यात पाहुण्यांच्या पिशव्या. दोघंही अस्वस्थ आहेत. ऑपरेशन केलं तर निम्म्याहून थोड्या जास्त कुत्र्यांत हे बरंच कमी होतं. काहींत पार थांबतं. काहींत सवय हाडात मुरलेली असते, मग थोडं राहतं."

"म्हणजे खात्री नाही," कालुम्बाने लगेच पकडलं.

"खात्री नाही. आणि दुसऱ्या दिवशी फरकही दिसणार नाही. अंगातला जोर उतरायला आठवडे जातात, कधी महिनेसुद्धा. पण करायचं तर दोघांचं करा. एकाचं करून दुसऱ्याला तसाच ठेवलात तर तो पाट्या लावतच राहील, आणि त्याचं बघून हाही." मग ती कासोंदेकडे वळली. "आणि मावशी, तुम्ही फरशी कशाने पुसता?"

कासोंदेने जंतुनाशकाचं नाव अभिमानाने सांगितलं.

"त्यातल्या काहींचा वास कुत्र्याला लघवीसारखाच येतो. तुम्ही पुसत नव्हता, निमंत्रण देत होता."

हे ऐकून कालुम्बाला त्या दिवसातला पहिला आनंद झाला. परतताना त्याने टॅक्सीत दोनदा म्हणून दाखवलं, "निमंत्रण." कासोंदे खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या आठवड्यातला गुरुवार ठरला. आणि बुधवारी सकाळी न्डोलाहून फोन आला, कासोंदेची भाची अडली होती. कासोंदेने पिशवी भरली.

"मी रविवारी येते. उद्या तुम्ही दोघांना न्या. आज रात्रीनंतर खायला घालू नका. घरी आणल्यावर टाके चाटू देऊ नका. जमेल ना?"

"मी जमिनीखाली दीडशे माणसं सांभाळलीयत, बाना-मुकूका."

"त्यांना टाके नव्हते," ती म्हणाली आणि बसला गेली.

गुरुवारी सकाळी कालुम्बा दोन साखळ्या धरून दवाखान्यात बसला. तुकामोनाला आधी आत नेलं. दार बंद झालं. कालुम्बा भिंतीवरचं गोचिडांचं चित्र बघत राहिला. ब्वानाने आपलं जड डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि लांब उसासा टाकला. बाना-कोंबे शेवटच्या आजारात पलंगाला खिळली तेव्हा हा पिल्लू होता. तिच्या पायांवर झोपून असाच उसासे टाकायचा. "साहेब दमले," ती म्हणायची. नावही तिनेच ठेवलेलं.

डॉक्टरणीने दार उघडून "आता साहेब" म्हटलं, तेव्हा कालुम्बा उठलाच नाही.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "ती गळ्यात घालायची टोपली मिळते ना, प्लास्टिकची?"

"मिळते. ऑपरेशननंतर."

"मला तेवढी टोपलीच दे."

डॉक्टर जेरेने त्याच्याकडे पाहिलं. मग ब्वानाकडे पाहिलं. "म्बुया, घरी कोण आहे?"

"रविवारी येईल."

"सुईण आहेत ना त्या?"

"तीस वर्षं बायकांचंच बघितलंय तिने."

"टोपली मी विकते," ती म्हणाली, "कुणालाही विकते. तुम्ही दिवा म्हणून लावा. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

असा कालुम्बा टॅक्सीतून दोन टोपल्या आणि एक ऑपरेशन घेऊन घरी आला.

रविवारी कासोंदे आली तेव्हा तिला पडवीत दोन रुग्ण दिसले. दोघांच्या गळ्यात पांढऱ्या टोपल्या. तुकामोना गुंगी उतरून तीन दिवस झाले तरी चेहऱ्यावरून तक्रार उतरू न देता बसलेला. ब्वाना त्या टोपलीने दाराच्या चौकटी, खुर्च्या आणि कोंबड्या ठोकत हिंडत होता, कारण त्याला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचे खांदे दिसत नव्हते.

"माझी बाळं ती," कासोंदे म्हणाली. भाचीला मुलगी झाली होती, ती आनंदात होती. "खूप दुखलं का रे?"

"तुकामोनाने त्रास दिला थोडा," कालुम्बा म्हणाला. "ब्वाना धीराचा आहे. हूं की चूं नाही केलं."

"दिसतंय," ती म्हणाली.

तिने हाडांचा रस्सा शिजवून दोघांना भरवला. ब्वानाला एक हाड जास्त दिलं, धीराचा म्हणून. कालुम्बाला ते हाड बघवेना. संध्याकाळी ती टाके तपासायला गरम पाणी आणि कापूस घेऊन बसली. "मी बघितलेत, छान आहेत," असं तो दोनदा म्हणाला. तिने आधी तुकामोनाला उताणा केला, पुसला, ठीक म्हणाली. मग ब्वानाला हाक मारली. साहेब लगेच आडवे झाले आणि चारी पाय वर केले. त्यांना वाटलं, पोट खाजवणार.

कासोंदेने पाहिलं. एकसुद्धा टाका नव्हता. सगळा ऐवज जागच्या जागी, सुखरूप, निवांत.

 तिने कापूस पिळला, पाणी फेकून दिलं, ब्वानाचं पोट खरोखरच खाजवलं आणि आत निघून गेली. 

सोमवारी सकाळी त्याच्या ताटलीत दोन उकडलेली अंडी आली. सोललेली, शेजारी शेजारी ठेवलेली. ब्रेड नाही, काही नाही.

"ब्रेड संपलाय का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

मंगळवारी पुन्हा दोन अंडी. त्याच दिवशी ब्वानाने टोपलीसकट तोल सावरत शिवणयंत्राच्या पेडलवर नवी पाटी लावली, आणि तुकामोना, टाके असलेला तुकामोना, लंगडत जाऊन तिथे हुंगत उभा राहिला. कासोंदेने बघितलं. फडका आणला. पुसलं. बुधवारी ताटलीत दोन अंडी, आणि या वेळी ताटलीच्या कडेला सुरी.

कालुम्बाने सुरीकडे पाहिलं आणि ताटली बाजूला सारली.

"झालं," तो म्हणाला. "बोला. ओरडा. एल्डरांना बोलवा. पण ही अंडी बंद करा."

"मी कशाला बोलू? बोलायचं तुमच्याकडे आहे."

"मला जमलं नाही."

"ते मला रविवारीच कळलं. का नाही जमलं ते सांगा. सिल्वेस्टरने डोक्यात काही भरवलं?"

"सिल्वेस्टर मूर्ख आहे." तो बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडाची नक्षी नखाने कोरत बसला. "बाना-कोंबेचा आहे हो तो. तिने बाटलीने दूध पाजून वाढवलाय. तिचं म्हणून या घरात दुसरं काय राहिलंय? कपडे तिच्या बहिणी घेऊन गेल्या, भांडी कोंबेने नेली. हा राहिला. मला वाटलं, तिचं दिलेलं आहे तसंच्या तसं ठेवावं. काही कापू नये त्यातलं."

 चुलीवरचं पाणी उकळून खदखदत होतं, ते कासोंदेने उतरवलं, आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"हे तुम्ही मला आधी सांगितलं असतं तर मी तुमच्या ताटलीत अंडी ठेवली असती का?"

"ठेवली असती."

"एकच ठेवलं असतं," ती म्हणाली. त्याला हसू आवरलं नाही, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले ते तिने बघितलं नाही असं दाखवलं. "बाशी-कोंबे, एक विचारते. ती आजारी पडायच्या आधी या घराची फरशी कोण पुसायचं?"

"तीच."

"रोज?"

"रोज. तुम्हाला माहीत नाही, या फरशीत चेहरा दिसायचा. मी बुटांनी आत आलो की फडक्याने मारायची मला."

"मग ती आज इथे असती, आणि तिच्या फरशीवर हा असा रोज पाय वर करून उभा राहिला असता, तर तिने काय केलं असतं?"

कालुम्बाने विचार केला. खरं तर विचार करायची गरज नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर बाना-कोंबे उभी राहिली, कमरेला चितेंगेचं छापील कापड खोचलेलं, हातात फडका.

"तिने डॉक्टरणीची वाट बघितली नसती," तो म्हणाला. "तिनेच केलं असतं. भाजीच्या सुरीने."

"मला आवडली असती ती बाई," कासोंदे म्हणाली.

पुढच्या गुरुवारी नवरा-बायको दोघंही ब्वानाला घेऊन गेले. कालुम्बाने ब्वानाला स्वतः टेबलावर उचलून ठेवलं, गुंगीचं औषध चढेपर्यंत त्याचं डोकं धरून राहिला, आणि ते जड झालं तेव्हा "साहेब दमले" म्हणाला. डॉक्टर जेरेने त्याला बाहेर जायची खूण केली.

"मी थांबतो," तो म्हणाला. "चौतीस वर्षं खाणीत..."

पुढचं वाक्य त्याला आठवत नाही. डॉक्टरणीने नुसते जागेवरचे केस काढायला वस्तरा उचलला होता. जाग आली तेव्हा तो बाहेरच्या बाकावर आडवा होता, पायांखाली कुत्र्यांच्या खाण्याची गोणी, आणि कासोंदे त्याला एका कागदाने वारा घालत होती.

"झालं का?" त्याने विचारलं.

"दोघांचंही," ती म्हणाली.

तो ताडकन उठून बसला आणि खाली चाचपडायला लागला. दवाखान्यात कोंबड्या घेऊन आलेली एक बाई इतकी हसली की तिच्या हातून एक कोंबडी सुटली.

आता खरं ते सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी काही थांबलं नाही. तिसऱ्या आठवड्यातही नाही. सिल्वेस्टर रोज अॅव्होकॅडोखालून ओरडून विचारायचा, "काय रे, कोरडं आहे का?" आणि कालुम्बा खिडकी लावून घ्यायचा. पण कासोंदेने डॉक्टरणीचं सगळं ऐकलं. जंतुनाशक सिल्वेस्टरच्या बायकोला देऊन टाकलं, आणि दवाखान्यातून मिळालेल्या औषधाने जुने डाग एकेक करून उतरवले. कुत्र्यांच्या ताटल्या वेगळ्या केल्या, एक स्वयंपाकघरात, एक पडवीत. झोपायच्या जागा वेगळ्या केल्या. पाहुण्यांच्या पिशव्यांसाठी भिंतीत खिळे ठोकले. कालुम्बाने सकाळ-संध्याकाळ दोघांना रस्त्याने फिरवायचं काम घेतलं. दुतर्फा झाडांच्या त्या रस्त्यावर दोघं खांबाखांबाला थांबत, मनसोक्त पाट्या लावत, आणि घरी येत तेव्हा लिहायला फारसं उरलेलं नसे.

पाऊस सुरू झाला, आंबे धरले, आणि एक दिवस कासोंदेच्या लक्षात आलं की तुकामोनाने महिनाभर घरात पाय वर केलेला नाही. त्याने बघून घेतलं होतं, आणि त्याचं समाधान झालं होतं. ब्वानाचं तसं झालं नाही. सोफा सुटला, यंत्र सुटलं, चौकट सुटली. पण फ्रिजच्या मागचा एक कोपरा त्याने सोडला नाही. रोज नाही, दोन-तीन दिवसांनी. ओरडलं तर तो लपून करायचा. फ्रिज हलवला तर फ्रिजच्या मागे नवा कोपरा शोधायचा.

"काहींत थोडं राहतं," डॉक्टर जेरे फोनवर म्हणाली. "मुरलेली सवय आहे, म्बुया. तेवढं चालवून घ्या."

"चालवून घेतो," कालुम्बा म्हणाला. "पण तुझ्या ताटातल्या उंदरांना सांगू नकोस."

तेव्हापासून कासोंदेने फ्रिजच्या मागे वाकायचं बंद केलं. सकाळी उजाडलं की कालुम्बा उठतो, बादली घेतो, औषधाचं एक टोपण पाण्यात टाकतो आणि त्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो. एकदा गुडघ्यावर बसलंच आहे तर म्हणून तो पुढे सरकत सरकत सगळी खोली पुसून काढतो. जन्मात पहिल्यांदा त्याला कळलं की सोफ्याला चार पाय नसून सहा आहेत.

कासोंदे अंथरुणातच असते.

"आज होतं का?" ती आतून विचारते.

"होतं. थोडंसं."

"कोणाचं?"

"साहेबांचं."

"ओल्या फरशीवर कुणी पाय देऊ नका म्हणावं," ती म्हणते आणि कूस बदलते. कालुम्बा दारात आडव्या पडलेल्या दोघांना पायाने बाहेर सारतो, फडका पिळतो, आणि चहाचं आधण ठेवायला जातो.